तेहेतीस डिसेंबर

नगर रस्त्यावर सणसवाडीच्या बाजूला वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. २०२१ सालच्या शेवटच्या रात्री तिथला मेल सर्व्हर जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर नेला. काम चोख झालं. तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी, कारखान्याच्या दारात पोचलेलं सकाळभराचं टपाल कायमचं नाहीसं झालं, आणि ते नाहीसं केलं दुरुस्तीला बसलेल्यांनीच. कारखान्याचं, व्हेंडरचं आणि माणसांची नावं इथे गाळली आहेत. कुणाला पिंजऱ्यात उभं करायचं नाही. त्या खोलीत आपण असतो तरी बहुधा तेच केलं असतं.

शुक्रवार, ३१ डिसेंबर २०२१

संध्याकाळी ६.००
हा मुहूर्त अ‍ॅडमिननंच काढला होता. एक तारीख शनिवार, दोन तारीख रविवार. काही बिनसलंच तर निस्तरायला दोन दिवस हातात. थर्टी फर्स्टचं कुणाचं काही ठरलेलंही नव्हतं. ओमायक्रॉनच्या धास्तीनं सरकारनं रात्री नऊ ते सकाळी सहा सार्वजनिक ठिकाणी पाचांहून जास्त लोकांनी जमायला मनाई केली होती. शिवाय एक जानेवारीला पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात, त्यासाठी नगर रस्त्याची वाहतूक वळवली जाते. म्हणून व्हेंडरचा इंजिनिअर पुण्यात घरूनच लॉगिन करणार आणि अ‍ॅडमिन रात्री प्लँटवर मुक्काम करणार, असं ठरलं.

जुनं यंत्र पाच वर्षांचं. त्याच्या डिस्कच्या ओळीतला एक दिवा पावसाळ्यापासून पिवळा लुकलुकत होता, आणि त्या जातीची डिस्क आता मिळत नव्हती. नवं यंत्र जुलैत मागवलं होतं. चिपांचा तुटवडा असल्यानं ते येता येता डिसेंबर उजाडला. रॅकमध्ये दोघं एकाखाली एक बसले होते. पॅकिंगच्या ब्राऊन टेपच्या पट्टीवर मार्करनं एकावर ‘जुना’, एकावर ‘नवा’ असं लिहिलेलं.

रात्री ९.३०
दोन्हीवर मायक्रोसॉफ्टचं एक्स्चेंज २०१६. आठवडाभर आधी दोघांची जोडी बांधून घेतली होती, त्यामुळे सगळ्या मेलबॉक्सची जिवंत नक्कल नव्यावर तयारच होती. आता फक्त मालकी बदलायची. एक आज्ञा दिली, अर्ध्या मिनिटात डेटाबेस नव्यावर उभे राहिले. ज्यांचं आउटलुक उघडं होतं त्यांना कळलंही नाही.

रात्री १०.१५
फायरवॉलमध्ये बदल. बाहेरून येणारं टपाल आता नव्याच्या पत्त्यावर. इंटरनेटवर जायची परवानगीही नव्याला दिली आणि जुन्याची काढून घेतली. जुना चालू राहिला, जोडीतही राहिला, पण बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध तुटला. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा. उद्या दुपारी सगळ्यांची दिशाभूल हीच करणार आहे.

रात्री ११.४५
अकाउंट्सचे काका अजून जागेवर. आयकर विवरणपत्र भरायची वाढीव मुदत त्याच रात्री संपत होती आणि निम्म्या स्टाफनं आपापले फॉर्म काकांच्या गळ्यात बांधले होते. त्यांच्याच खात्यावरून चाचणी झाली: जीमेलला मेल गेला, जीमेलवरून आला, मोबाईलवर टिंग वाजलं. “झालं का रे तुझं?” काकांनी विचारलं. “झालं काका.” बारा वाजता लांब कुठेतरी फटाके उडाले. अ‍ॅडमिननं सर्वांना ‘सर्व्हर बदलाचे काम यशस्वीरीत्या पूर्ण’ असा मेल टाकला आणि दोन खुर्च्या जोडून पडला.

शनिवार, १ जानेवारी २०२२

पहाटे ५.३०
सगळे झोपलेले. ग्रिनिचच्या घड्याळात आत्ता कुठे नवं वर्ष लागतंय.

एक्स्चेंजच्या पोटात व्हायरस तपासणारं एक इंजिन असतं. मेल आला की तो पुढे सरकण्याआधी त्याच्या हाताखालून जातो. या कारखान्यानं ते बंद ठेवायचा विचार एकदा केला होता. पण मार्च २०२१ मध्ये एक्स्चेंजमधल्या त्रुटींतून जगभरचे सर्व्हर फोडले गेले, त्यानंतर अशा बाबतीत ‘बंद’ हा शब्द उच्चारायची कुणाची छाती नव्हती. हे इंजिन साधारण तासातासाला मायक्रोसॉफ्टकडून नव्या व्हायरसांची माहिती उतरवून घेतं. त्या माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्याला एक क्रमांक असतो. तो तारखेवरूनच पाडतात: आधी वर्षाचे दोन आकडे, मग महिना, मग दिवस, मग चार आकडी अनुक्रम. ३१ डिसेंबरचे गठ्ठे २११२३१ ने सुरू होणारे. १ जानेवारीचा पहिला गठ्ठा २२०१०१०००१.

हा क्रमांक ठेवायला इंजिनमध्ये जी जागा होती, तीत जास्तीत जास्त २१४७४८३६४७ एवढाच आकडा मावतो. बत्तीस बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची ती मर्यादा. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षात पाठ करून घेतात. एकवीस सालच्या सगळ्या तारखा तिच्या आत बसत होत्या. बावीस सालातली एकही बसत नाही.

सहाच्या सुमाराला नव्या यंत्रानं नवा गठ्ठा उतरवला. इंजिन कोसळलं. आणि न तपासलेला मेल पुढे सोडायचा नाही, हा नियम असल्यानं एक्स्चेंजनं प्रत्येक मेल रांगेत उभा केला. याच मिनिटांत सिडनीपासून सिंगापूरपर्यंत हेच चाललं होतं.

सकाळी ७.००
रात्रपाळीचा प्रॉडक्शन रिपोर्ट रोज पावणेसातला येतो. आला नाही. पाठवणाऱ्या सुपरवायझरच्या ‘सेंट’मध्ये तो दिसत होता. गेटवरच्या सिक्युरिटीला बाहेरच्या गाड्यांची यादी मेलवर मिळते, तीही नाही. अ‍ॅडमिननं चहा अर्धा टाकला आणि रांग उघडून पाहिली. दोनशेच्या वर मेल. एकही हलत नाही.

बाहेरून तपासलं तर सर्व्हर ठणठणीत. मेल घ्यायचा, ‘२५०, मिळाला’ म्हणायचा, आणि आत नेऊन उभा करायचा. इथे एक नियम सांगायला हवा, कारण पुढचा सगळा अनर्थ त्याच्यावर उभा आहे. समोरच्या सर्व्हरनं एकदा ‘२५०’ म्हटलं की पाठवणाऱ्याची जबाबदारी संपते. तो आपली प्रत रांगेतून काढून टाकतो. पुढे त्या मेलचं काहीही झालं तरी पाठवणाऱ्याला आपणहून काही कळत नाही.

सकाळी ८.१५
इंजिनिअर घरून ऑनलाइन. “सर, काल रात्री नक्की काय काय बदललं?” हा प्रश्न बरोबरच होता, आणि त्यानंच घात केला. ज्या रात्री आपण काही हलवलं, त्यानंतरचं प्रत्येक दुखणं त्या हलवण्याच्या माथी मारलं जातं. आयटीवाला त्याला सवयीनं बळी पडतो, आणि दहातल्या नऊ वेळा त्याचं बरोबर निघतं, हीच अडचण आहे. रेड कंट्रोलरचं फर्मवेअर पाहिलं. नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर बदलला. केबल काढून दुसरी लावली, स्विचचा पोर्ट बदलला. सर्व्हर दोनदा रीस्टार्ट केला.

सकाळी ८.४०
इव्हेंट व्ह्यूअर. लाल खुणांच्या भाऊगर्दीत एक ओळ पुन्हा पुन्हा येत होती, क्रमांक ५३००: स्कॅन इंजिन लोड होऊ शकलं नाही, “२२०१०१०००१” चं ‘लाँग’मध्ये रूपांतर करता येत नाही. दोघांनीही ती वाचली. अ‍ॅडमिननं तिच्यावर माऊस थांबवलाही. “सर, हे लक्षण आहे, कारण नाही. इन्स्टॉलेशनमध्येच काहीतरी राहिलंय,” इंजिनिअर म्हणाला. त्या दहा आकड्यांत आजची तारीख लिहिलेली आहे, हे दिसायला नुसतं डोळ्यांनी वाचणं पुरेसं नव्हतं. आपला सर्व्हर सोडून जगातही काही बिघडू शकतं, एवढी शंका मनात यावी लागत होती.

सकाळी १०.४५
प्लँट हेड साहेबांचा फोन. पुण्यातल्या मोठ्या ग्राहकाचं जानेवारीचं शेड्यूल एक तारखेला मेलवर येतं. त्यावरून सोमवारचं मटेरियल ठरतं. “अहो, जुनं चांगलं चाललं होतं ना? परत त्यावरच जा.” रोलबॅक ठरला.

सकाळी ११.२०
डेटाबेस जुन्यावर आणले. फायरवॉलमध्ये येणाऱ्या टपालाचा रस्ता जुन्याकडे वळवला. नव्याचं बटण दाबून धरलं, पंखे थांबले. त्याच्या रांगेत सकाळपासूनचे सगळे मेल तसेच बसलेले.

सकाळी ११.३५
मेल यायला लागले! मोबाईल वाजू लागले. जुन्याला रात्रीपासून इंटरनेट नव्हतं, म्हणून त्याचं इंजिन कालच्याच गठ्ठ्यावर सुखानं चाललं होतं. पण खोलीत निकाल लागला: नवं यंत्र सदोष. साहेबांनी परचेसला सांगितलं, व्हेंडरचं उरलेलं पेमेंट थांबवा.

दुपारी १२.१०
येणारे मेल येत होते, जाणारे बाहेर पडत नव्हते. साहजिकच, जुन्याची बाहेर जायची परवानगी रात्री काढली होती. ती परत दिली. मेल सुटले. त्याच मोकळ्या दारातून इंजिनही मायक्रोसॉफ्टकडे गेलं आणि नवा गठ्ठा घेऊन आलं.

दुपारी १.०५
जुना अडकला.

खरं तर गाठ इथे सुटायला हवी होती. दोन वेगळी यंत्रं, एक नवंकोरं, एक पाच वर्षं मुरलेलं, दोघांना सात तासांच्या अंतरानं हुबेहूब तोच आजार. म्हणजे दोष यंत्रात नाही. त्याऐवजी इंजिनिअरनं असा अर्थ लावला की नव्याची खराब झालेली रांग जोडीतून जुन्याला बाधली. ऐकायला पटण्यासारखं होतं. पहाटेपासून उपाशी असलेल्या माणसाला तर फारच.

दुपारी २.१०
“क्यू करप्ट आहे. फोल्डर उडवतो, सर्व्हिस चालू केली की एक्स्चेंज नवं बनवेल.”

“बॅकअप घेऊ का आधी?” अ‍ॅडमिननं विचारलं.

“सर, करप्ट क्यूचा बॅकअप घेऊन करणार काय?”

एक्स्चेंजची रांग म्हणजे एका फोल्डरमधली एक डेटाबेस फाईल, ‘मेल डॉट क्यू’. ती काढली की सर्व्हर नवी, रिकामी फाईल तयार करतो. हा उपाय खोटा नाही. रांग खरोखरच सडली तर करावाच लागतो. सर्व्हिस थांबवली, फोल्डर निवडलं, शिफ्ट आणि डिलीट. रीसायकल बिनमध्येही काही राहिलं नाही.

जुन्याच्या त्या फाईलमध्ये दोन प्रकारचे मेल होते. एक वाजल्यानंतर अडकलेले ते दिसत होते. न दिसणारे दुसरे. एक्स्चेंजची जोडी असते तेव्हा एकाकडे आलेल्या मेलची सावलीसारखी प्रत दुसऱ्याकडे ठेवली जाते, पहिला मेला तर टपाल बुडू नये म्हणून. पहिल्याचा पत्ता तीन तास लागला नाही की दुसरा त्या प्रती आपण होऊन रांगेत घालतो. नवा बंद केला होता ११.२० ला. म्हणजे २.२० च्या आसपास सकाळचं सगळं टपाल जुन्याच्या रांगेत आलं असतं. अडकलं असतंच, पण जिवंत.

दुपारी २.२५
नव्याला पुन्हा चालू करून त्याचीही रांग उडवली. मूळ प्रती होत्या त्या इथेच. मेलबॉक्सचा बॅकअप रोज रात्री होत असे, पण रांग मेलबॉक्समध्ये नसते. ती कुठल्याच बॅकअपमध्ये नव्हती.

दुपारी २.४०
दोन्ही सर्व्हिस चालू. रांगा स्वच्छ. नवा मेल आला, आणि त्या स्वच्छ रांगेत पहिला होऊन उभा राहिला. मागून दुसरा. तिसरा.

दुपारी ३.३०
अ‍ॅडमिननं शेवटी फोन केला तो आपल्या आधी इथे काम केलेल्या, आता हिंजवडीत असलेल्या माणसाला. त्याला दादा म्हणतात. रात्रीपासून काय काय केलं ते सांगायला सुरुवात केली, तर दादानं मध्येच तोडलं. “तुझ्या सर्व्हरला काही झालेलं नाही रे. आमचाही पहाटेपासून तसाच पडला होता. ५३०० बघ. बघितलास? तो आकडा नाहीये, आजची तारीख आहे.”

उपाय जगभरच्या अ‍ॅडमिन लोकांनी तोवर हुडकला होता: एक्स्चेंजबरोबरच येणारी, तपासणी बंद करण्याची स्क्रिप्ट चालवायची आणि ट्रान्सपोर्ट सर्व्हिस पुन्हा सुरू करायची. “रांगेतले सगळे आपोआप सुटतील. काही हरवत नाही. दोन दिवसांच्या आत कर म्हणजे झालं, त्यानंतर ते परत जायला लागतात.”

अ‍ॅडमिन काही बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, आम्ही क्यू डिलीट केला.”

“नाव बदलून ठेवलायस ना?”

दुपारी ४.०५
स्क्रिप्ट चालवली. अडीचनंतर आलेले मेल धडाधड सुटले. नवं यंत्र निर्दोष होतं. संध्याकाळपर्यंत डेटाबेस परत त्याच्यावर नेले. साहेबांना हे समजावून सांगताना अर्धा तास गेला आणि त्यांना पटलं की नाही, सांगता येत नाही. पेमेंट मार्चपर्यंत अडकलं.

संध्याकाळी ५.३०
या दिवसातलं एकच शहाणपणाचं काम आता झालं, आणि तेही दादानं सुचवलेलं. एक्स्चेंज येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलची नोंद वेगळ्या लॉगमध्ये ठेवतं: कुणाकडून, कुणाला, किती वाजता, विषय काय. मजकूर नाही, पण पाकिटावरचं सगळं. मुळात काही बदललं नसेल तर हा लॉग तीस दिवस राहतो. त्यातून ‘घेतला’ अशी नोंद असलेले पण ‘पोचवला’ अशी नसलेले मेल वेगळे काढले आणि एक्सेलमध्ये यादी तयार झाली. आतल्या लोकांनी पाठवलेले त्यांच्या ‘सेंट’मध्ये होते, ते सोडले. उरले ते बाहेरचे.

यादी विभागवार वाटली. परचेस, सेल्स, क्वालिटी, जे कोणी शनिवारी हजर होते ते फोन घेऊन बसले. “नमस्कार साहेब, हॅपी न्यू इयर. सकाळी आपण एक मेल केला होता, तो जरा परत पाठवता का?” पहिला फोन शेड्यूलसाठी गेला. समोरच्या बाई म्हणाल्या, “आमच्याकडे डिलिव्हर्ड दाखवतंय,” आणि ते खरंच होतं. शेड्यूल सव्वासहाला आलं. काही नोंदींत नुसता ‘आरई:’ एवढाच विषय होता आणि पाठवणारा कुणाच्या ओळखीचा नव्हता. त्यांना लेखी विनंती गेली. सगळ्यांची उत्तरं आली नाहीत.

रविवार, २ जानेवारी

सकाळी मायक्रोसॉफ्टची अधिकृत स्क्रिप्ट हाताशी होती. ती जुने गठ्ठे काढून इंजिन नव्यानं बसवते. नव्या गठ्ठ्याचा क्रमांक मोठा मजेशीर दिला होता: २११२३३०००१. एकवीस साल, बारावा महिना, तेहेतीस तारीख. जागा वाढवण्याऐवजी तारीखच थोपवून धरली. अशी तारीख कॅलेंडरात नसली तरी क्रमांक वैध आहे आणि यापुढचे गठ्ठेही याच मालिकेतून येतील, असा खुलासाही कंपनीनं केला. दुरुस्ती म्हणून हे मला मनापासून आवडतं: जगभरातली टपालव्यवस्था खोळंबली असताना ते तत्त्वाच्या मागे लागले नाहीत, त्यांनी डिसेंबर लांबवला.

एक्स्चेंज २०१६ ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा ज्यांच्याकडे ते अजून चालू आहे त्यांना हलावं लागणारच आहे, आणि त्यातले पुष्कळ जण लांब सुट्टीचा शनिवार-रविवार धरतील. त्यांना एवढीच विनंती. हलवण्याआधी ट्रॅकिंग लॉग चालू आहे का ते बघा. मध्यरात्रीनंतर काही अडकलं तर आपलं यंत्र उघडण्याआधी दुसऱ्या कंपनीतल्या एखाद्याला फोन करून त्याचं चालू आहे का ते विचारा. आणि रांगेची फाईल पुसायला कुणी सांगितलं, मग तो कितीही अनुभवी असो, तर त्या फोल्डरचं नुसतं नाव बदला, आणि शेवटचा मेल पोचेपर्यंत ते जपून ठेवा.